अस्सलबरहुकूम

धाराशिव जिल्ह्याची ओळख परक्या माणसाला करून द्यावयाची झाली, तर तुळजापूरची भवानी, तेरचे गोरोबाकाका, नळदुर्गाचा पाणीमहाल, परांड्याचा किल्ला आणि शहरालगतची लेणी एवढ्यावर सहसा भागते. कारण ही सर्व स्थळे दगडात उभी आहेत, आणि दगडाची दखल घेणारी खाती, कायदे व दप्तरे आपल्याकडे फार वर्षांपासून आहेत. परंतु याच जिल्ह्यात दुसरी एक मालमत्ता घरोघरी विखुरलेली आहे, जिची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही, जिच्यावर कोणाचा पहारा नाही आणि जी नष्ट झाली तर पंचनामाही होत नाही. ती मालमत्ता म्हणजे ध्वनी. नवरात्रातील आराध्यांची गाणी, गोंधळ्यांचा संबळ, भजनी मंडळांचे अभंग, उरुसातील कव्वाल्या, भीमजयंतीच्या मंडपातील शाहिरी, लग्नघरातील बायकांच्या ओव्या, यांपैकी जे काही योगायोगाने तबकडीवर वा फितीवर उतरले आणि आजवर टिकले, ते कसलीही घट न होऊ देता संगणकीय रूपात नेऊन ठेवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या कामाने मला जे शिकवले ते या लेखात मांडावयाचे आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो, कारण पुढील सर्व तपशील तिच्याच आधाराने उभा आहे. ध्वनीचे जतन करणाऱ्याला त्यातील ग्राह्य काय आणि त्याज्य काय हे ठरवण्याचा अधिकार नाही. जुन्या कचेऱ्यांत एखाद्या सनदेची नक्कल उतरवणारा कारकून मूळ लेखातील अशुद्धेसुद्धा जशीच्या तशी उतरवी, दुसरा कारकून ती नक्कल अस्सलाशी शब्दशः ताडून पाही, आणि मुकाबला पुरा झाल्यावरच तिच्यावर रुजुवातीची खूण पडे. मग ती नक्कल अस्सलबरहुकूम ठरे आणि वादाच्या प्रसंगी पुराव्यात चाले. ध्वनीच्या बाबतीतही मी हाच शिरस्ता मानतो. ऐकणाऱ्याने आपल्या आवडीप्रमाणे खरखर काढून ऐकावे, आवाज वाढवून ऐकावे, त्याला कोणी मनाई करणार नाही. पण दप्तरात जी प्रत राहावयाची ती अस्सलबरहुकूमच असली पाहिजे.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली कलकत्त्यात, आणि त्या आरंभीच्या मुद्रणांतच गौहरजान यांचे गाणे होते. निजामाच्या मुलखातील आमच्या या टापूत ग्रामोफोन पोहोचला तो देशमुख, वकील आणि सावकार यांच्या दिवाणखान्यांतून. सोलापूर आणि हैदराबाद या दोन पेठांकडे या भागाच्या खरेदीची तोंडे असल्याने मराठी नाट्यपदांच्या तबकड्यांशेजारीच उर्दू कव्वाल्यांच्या तबकड्या एकाच पेटीत नांदताना मी अनेक वाड्यांत पाहिल्या आहेत. त्या लाखेच्या तबकडीत एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचा ध्वनी मावे. पुढे विनाइलची दीर्घवादन तबकडी आली, आणि फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेली कॅसेट १९८०च्या दशकात आमच्या खेड्यापाड्यांत शिरली, तेव्हा ध्वनिमुद्रण प्रथमच सामान्य माणसाच्या हाती आले. तुळजापुरात देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरील दुकानांत कुंकू, बांगड्या आणि कवड्यांच्या माळा यांच्या जोडीने देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी टांगलेल्या असत. छोट्या छोट्या प्रकाशकांनी अल्प भांडवलावर काढलेल्या, वेष्टनावर गायकाचे नाव असले तर साल नसलेल्या.

मोठ्या कंपनीची प्रसिद्ध तबकडी आणि ही अनाम कॅसेट यांत जतनाच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. छत्रपतींच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षे पूर्ण झाली त्या १९७४ साली लता मंगेशकर व हृदयनाथ मंगेशकर यांची ‘शिवकल्याण राजा’ ही तबकडी निघाली, आणि भवानीच्या या जिल्ह्यात ती भक्तिभावाने ऐकली गेली. तिची प्रत माझ्याकडे येते तेव्हा मी ती तितक्याच काळजीने उतरवतो. तथापि ती हरवली तरी महाराष्ट्रात तिच्या अगणित प्रती शिल्लक राहतील. आराध्यांच्या एखाद्या मेळ्याची कॅसेट मात्र प्रकाशक गेला, दुकान मोडले, मूळ फितीचा मागमूस राहिला नाही, अशा अवस्थेत माझ्या मेजावर येते, आणि तेव्हा समोरची झिजलेली वस्तू हीच अस्सल असते. म्हणून वस्तू जितकी अप्रसिद्ध तितकी तिच्या नकलेची जबाबदारी जड, असा माझा अनुभव आहे.

लाखेची तबकडी हाती घेतली की पहिला प्रश्न धुण्याचा येतो. माळवदाच्या घरात वर्षानुवर्षे झिरपलेली माती तिच्या चरांत घट्ट बसलेली असते. स्पिरिटने ती चटकन निघेल असे वाटते; परंतु स्पिरिटात लाख विरघळते, आणि धुणाऱ्याच्या हातूनच तबकडीचा नाश होतो. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचा अंश, मऊ कुंचला, आणि मधल्या कागदी चकतीला ओल लागू न देण्याची सावधगिरी, एवढीच सामग्री पुरते. मग सुईचा प्रश्न. लाखेच्या तबकडीचा चर रुंद असतो, त्याला ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. दीर्घवादन तबकडीची २५ मायक्रॉनच्या आतबाहेरची सुई तिच्यावर ठेवली, तर ती चराच्या तळाशी बुडते आणि भिंतींवर कोरलेला ध्वनी सोडून तळाचा गाळ वाचत बसते. त्यानंतर वेग. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पुढे रूढ झाला. आरंभीच्या काळातील तबकड्या ७५ ते ८० यांच्या दरम्यान कोठेही मुद्रित झालेल्या असतात, आणि ७५ फेऱ्यांची तबकडी ७८ने फिरवली तर गाणाराची पट्टी अर्ध्या स्वराहून थोड्या कमी अंतराने वर चढते. साथीच्या पेटीच्या सुरांवरून योग्य वेगाचा अंदाज बांधावा लागतो, आणि कोणता वेग का स्वीकारला हे नोंदवून ठेवावे लागते, म्हणजे उद्याच्या जाणकाराला त्यात फेरफार करता येईल.

त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांच्या शेवटी गाणारे स्वतःचे नाव उच्चारतात. या प्रघाताचे कारण असे सांगितले जाते की, येथे कोरलेले साचे छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळण्याचे साधन हवे असे. आज गाण्याच्या रसात व्यत्यय नको म्हणून ही उद्घोषणा कापून टाकण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण ज्या तबकडीची कागदी चकती उंदराने वा ओलीने खाल्लेली आहे, तिच्या बाबतीत गाणाराची ओळख पटवणारा तेवढाच एक दाखला उरलेला असतो.

कॅसेटची तऱ्हा वेगळी. चार मिलिमीटरही न भरणाऱ्या रुंदीची ही फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या मंद गतीने सरकते, आणि एवढ्याशा पट्टीत दोन्ही बाजूंचा ध्वनी सामावलेला असतो. आमच्याकडील उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटीचे कवच वाकते, आतील स्पंजाची गादी भुकटी होऊन गळते. मग फीत काढून दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कवचात बसवावी लागते. वाचणाऱ्या शीर्षाचा कोन मूळ मुद्रणयंत्राच्या कोनाशी जुळला नाही तर झांजेची तीक्ष्णता बोथट होते, कारण उच्च स्वर या कोनाच्या बाबतीत अत्यंत नाजूक असतात. घरगुती यंत्रांचे कोन बहुधा ठरल्याहून ढळलेले असत. म्हणून प्रत्येक फितीसाठी, कित्येकदा फितीच्या प्रत्येक बाजूसाठी, शीर्षाचा कोन बदलणारा स्क्रू बारीक फिरवीत, सर्वांत स्वच्छ झांज कोठे ऐकू येते याचा शोध घ्यावा लागतो. हे काम कानानेच होते, आणि त्याला घाई चालत नाही.

याच कामात मला विजेच्या घुमाऱ्याचे मोल कळले. विजेवर चालणाऱ्या यंत्राने मुद्रण केले असेल तर गाण्याच्या तळाशी एक अखंड घूं असा नाद भरलेला असतो; आपल्या देशातील विजेची कंपनसंख्या सेकंदाला ५० असल्यामुळे त्या नादाचे स्थान ठरलेले आहे. फीत वाजवताना तो नाद ५२वर आढळला, तर मूळ यंत्र मंद चालत होते आणि आपण फीत प्रमाणाहून जलद वाजवीत आहोत, असा निष्कर्ष निघतो. त्या काळी आमच्याकडची वीज स्वतःच ५०ला धरून नसे, त्यामुळे हे माप ढोबळ ठरते. तरी गाणाराची खरी पट्टी आणि खरी लय शोधण्यास याहून विश्वसनीय साक्षीदार फितीवर दुसरा नसतो. ऐकणाऱ्याला जो केवळ दोष वाटतो तो असा कामी येतो, आणि ज्याने पहिल्याच झटक्यात तो गाळून टाकला त्याने गाणाराच्या पट्टीचा पुरावाच नाहीसा केला असे होते.

सुई किंवा शीर्ष यांनी वाचलेली विद्युत्‌लहर पुढे अंकांत परिवर्तित होते. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मापन घेऊन प्रत्येक मापन १६ बिटांत नोंदण्याचे प्रमाण ठरले. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जतनासाठी किमान ४८,००० मापने आणि २४ बिट सुचवते, आणि मी ९६,००० मापने घेतो. अशा एका तासाच्या द्विमार्गी मुद्रणाला दोन गिगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. ती वाचवण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्या दोहोंत तत्त्वाचाच भेद आहे.

पहिला मार्ग एमपी-३चा. मोठ्या नादाशेजारचा लहान नाद माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, या मानसशास्त्रीय नियमावर विसंबून तो ध्वनीतील बराच भाग कायमचा टाकून देतो. नेहमीच्या, सेकंदाला १२८ किलोबिटांच्या धारिकेत सीडीच्या माहितीचा अकरावा हिस्साच उरतो. प्रवासात गाणे ऐकण्यास ही सोय चांगली, यात शंका नाही. परंतु या पद्धतीत ध्वनीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावर एकत्रित संस्कार होतो, त्यामुळे निस्तब्धतेतून एकाएकी उठणाऱ्या आघाताच्या किंचित आधीच त्याची अस्पष्ट खरड पसरते. तंतुवाद्याच्या लांबत्या सुरात हे जाणवत नाही, संबळात जाणवते. संबळाचे सगळे तेज त्याच्या काठीच्या कोरड्या, नेमक्या ठोक्यात आहे. गोंधळातील एका जुन्या फितीच्या, न आवळलेली आणि आवळलेली अशा, दोन्ही प्रती मी लागोपाठ ऐकल्या तेव्हा जास्त आवळलेल्या एमपी-३ धारिकेत ठोक्याची धार गेलेली होती आणि झांजेला पाण्याखालून आल्यासारखी लिबलिब आली होती. तुणतुणे तेवढे बरे उतरले होते.

दुसरा मार्ग फ्लॅकचा. जॉश कोल्सन यांनी २००१ साली ही पद्धती सर्वांसाठी खुली केली, आणि डिसेंबर २०२४मध्ये तिचे अधिकृत आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. तिची युक्ती मोठी सरळ आहे. मागील मापनांवरून पुढील मापनाचे अनुमान करावयाचे, आणि अनुमान व प्रत्यक्ष यांतील फरक तेवढा लिहून ठेवावयाचा. अनुमान चांगले असेल तर फरक लहान, आणि लहान अंक थोड्या जागेत मावतो. वाचताना तेच अनुमान पुन्हा करून त्यात तो फरक मिळवला की मूळ अंक जसाच्या तसा हाती येतो, एका बिटाचाही फरक न पडता. सीडीच्या संगीताची जागा याने साधारण निम्म्यावर येते. फितीची खरखर अनुमानाला दाद देत नाही, म्हणून आमच्या कॅसेटींना ही बचत कमी लाभते. पण ती खरखरही मूळचीच आहे, आणि तिला जागा दिली पाहिजे. शिवाय फ्लॅकच्या धारिकेतच मूळ अंकांची एक गणिती खूण नोंदवलेली असते. कित्येक वर्षांनी धारिका उघडून तो हिशेब पुन्हा करावा, आणि खूण जुळली तर नक्कल अद्याप शाबूत आहे असे निःशंकपणे म्हणावे. जुन्या कारकुनाचा मुकाबला आता असा कोणालाही, केव्हाही करता येतो.

तथापि घट न होण्याची ही हमी अंक तयार झाल्यापासून पुढची आहे, याचा विसर पडू नये. बोथट सुईने वा चुकीच्या कोनाने वाचलेला ध्वनी फ्लॅकमध्ये ठेवला, तर तो सदोष वाचनच निर्दोषपणे जपून ठेवतो. यंत्राच्या प्रामाणिकपणाची सुरुवात माणसाच्या प्रामाणिकपणाने व्हावी लागते.

आता एका कॅसेटविषयी सविस्तर लिहितो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जन करून गावे नुकतीच निजली असता, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि आमच्या जिल्ह्याच्या सीमाभागात भूकंप झाला. किल्लारीचे नाव सर्वतोमुखी झाले. आमच्याकडील सास्तूर आणि त्याच्या आसपासची गावेही तशीच जमीनदोस्त झाली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांचा भार यांखाली आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. गावे नव्या जागी वसली, जुनी गावठाणे ओस पडली. त्या भागातील एका कुटुंबाच्या, धाराशिवास दिलेल्या लेकीकडे एक कॅसेट राहिली होती. भूकंपापूर्वीच्या एका लग्नात घाणा भरतेवेळी बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची. ती माझ्याकडे आली तेव्हा घरच्यांची मागणी एवढीच होती, की आजीचा आवाज तेवढा ठेवून मागचा सारा गलबला काढून द्यावा.

फितीवर जात्याची घरघर होती, काकणांचा किणकिणाट होता, मध्येच कोणी लहान मूल रडत होते, आणि या सर्वांच्या मागे दूरवर एका ठरावीक अंतराने पुक् पुक् असा आवाज येत होता. ध्वनिशुद्धीच्या संगणकीय साधनाला असा एकसारखा येणारा आवाज पहिल्यांदा पकडता येतो, आणि म्हणून पहिल्यांदा काढताही येतो. मी आधी अस्सलबरहुकूम प्रत तयार केली आणि तीच घरच्यांना ऐकवली. ऐकताना त्या कुटुंबातील वयस्क बाई ओव्यांवरून एकदम त्या मागच्या आवाजाकडे वळल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, ही आपल्या जुन्या गावातली गिरण हाय की!” डिझेल इंजिनाच्या पिठाच्या गिरणीवर धुराड्याच्या तोंडाशी डबा बसवण्याची पद्धत असे, म्हणजे गिरणी चालू झाल्याचे सगळ्या शिवाराला कळे. तो आवाज किती जवळ, कोणत्या बाजूने येतो यावरून त्यांनी लग्नघर कोणत्या गल्लीत होते ते सांगितले, पारापासून गिरणीपर्यंतची घरे ओळीने सांगितली, आणि त्या प्रत्येक घरात कोण कोण होते तेही. जात्याचा उपयोग लग्नाच्या विधीपुरता उरला होता आणि रोजचे दळण शेजारी इंजिनावर होत होते, हा त्या काळच्या गावगाड्याचा इतिहासही त्याच फितीने एका दमात सांगितला. घरच्यांना हवी होती ती स्वच्छ प्रतही मी करून दिली. ती त्यांनी ठेवून घेतली, पण नातेवाइकांना वाटण्यासाठी मागून नेली ती पहिलीच.

ध्वनीबरोबर त्याचा तपशीलही जपावा लागतो. कोणी गायिले, कोठे, केव्हा, कोणत्या यंत्रावर, वेष्टनावर काय लिहिले आहे. वेष्टनावर ‘उस्मानाबाद’ असेल तर नोंदीत ते तसेच उतरते, आणि २०२३पासूनचे धाराशिव हे नाव शेजारी वेगळ्या रकान्यात जाते. या बाबतीत माझ्यापुढे नेहमी हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचा आदर्श राहिला आहे. महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीमागे गाणारीचे नाव व गाव राहील अशी व्यवस्था ठेवली. बर्नार्ड बेल यांनी पुढे त्यातील पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. तबकड्यांच्या क्षेत्रात मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने संग्राहकांना अशीच शिस्त लावली. नावाविना जपलेला आवाज हा वारस नसलेल्या मिळकतीसारखा बेवारस होतो, आणि मग त्यावर कोणीही हक्क सांगतो.

हक्काचा विषय निघालाच आहे, तर तेही लिहितो. प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावर आपल्या कायद्याने प्रसिद्धीपासून साठ वर्षे हक्क चालतो; त्याखेरीज गोंधळी, आराधी यांची गाणी ही त्यांच्या उपासनेची आणि उपजीविकेची बाब आहे. जतन करणे म्हणजे जाहीर करणे नव्हे. गाणाराची किंवा त्याच्या वारसांची संमती नसेल तर माझ्याकडील प्रत पेटीतच राहते. मात्र तिची एक नक्कल त्यांच्या घरी विनामूल्य पोहोचती होते, कारण पहिला वारसा त्यांचा आहे.

संगणकाच्या एका चकतीवर ठेवलेली एकच प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे. चकती बंद पडते, घर जळते, भूकंप होतो. म्हणून मी तीन प्रती करतो, त्यातील एक या जिल्ह्याबाहेर ठेवतो, आणि ठरलेल्या मुदतीने प्रत्येकीची गणिती खूण पुन्हा ताडून पाहतो. मूळ फीत वा तबकडी उतरवून झाली म्हणून टाकून देत नाही. उद्या अधिक चांगले यंत्र निघाले तर अस्सलाकडे परत जाण्याची वाट खुली राहिली पाहिजे.

वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. घट बसण्यापूर्वी दसरा काढताना माळ्यावरच्या पेटीत जुन्या कॅसेटी किंवा तबकड्या सापडल्या, तर त्या भंगारात घालू नका, उन्हात ठेवू नका, आणि मळलेल्या यंत्रात घालून वाजवूही नका. वेष्टनावर काय आहे, आवाज कोणाचा आहे, हे घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा. उतरवून घेणाऱ्याला प्रथम मूळ ध्वनी पुरा, न गाळता, न सुधारता, फ्लॅकमध्ये मागा. मग हवी तशी स्वच्छ प्रत करून घ्या. या क्रमात उलटापालट झाली तर जे गेले ते कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही.